बाँडवर सुटलेल्या माणसाला कामाला लावताना

परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटलेल्या माणसाला काम मिळत नाही, असं सगळेच म्हणतात. पंधरा-सोळा वर्षं तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात याच कामासाठी चपला झिजवल्यावर मला ते अर्धंच खरं वाटतं. काम मिळतं. वेल्डिंगच्या दुकानात, मंडपवाल्याकडे, बेकरीत, ओळखीच्या ओळखीने कुठेतरी माणूस चिकटतो. पण दीड-दोन महिन्यांत ते सुटतं.

एका पोराची आजी सहा महिन्यांत दोनदा वारली. दुसऱ्या वेळी मालकाने विचारलं, "बारावं कधी आहे?" आणि पोरगा गप्प. त्याची आणखी एक जुनी केस शेजारच्या तालुक्यात चालू होती, तिच्या तारखेला तो जायचा. मालकाला तारखेचा राग नव्हता, आजीचा होता. मला म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर अर्धा दिवस सोडला नसता का मी?"

हा लेख अशा माणसाच्या घरच्यांसाठी आहे, त्याला कामावर घेऊ पाहणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांसाठी आहे, आणि मधे उभं राहून दोघांची गाठ घालून देणाऱ्यांसाठी आहे. नोकरी शोधण्यापेक्षा ती टिकवण्यावर मी जास्त लिहिणार आहे.

सुटका कसली आहे ते आधी बघा

"जेलमधून सुटला" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीत कामाचं गणित निराळं असतं.

पहिली परिवीक्षा, म्हणजे बोलीभाषेत प्रोबेशन. गुन्हा शाबीत झाला, पण कोर्टाने शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाचं कलम ४ ते हेच. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे कलम लागू होत नाही. वय एकवीसच्या आत असेल तर अशा बाकीच्या गुन्ह्यांत तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला कारणं लिहावी लागतात, हे कलम ६.

दुसरी जामिनावरची सुटका. इथे गुन्हा शाबीतच झालेला नसतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत असलेल्या दर शंभर माणसांपैकी जवळपास शहात्तर कच्चे कैदी होते, म्हणजे खटला संपायचा होता. तुमच्या दारात काम मागायला येणारा "जेलमधून आलेला" माणूस बहुधा यांच्यातलाच असतो. त्याच्या तारखा सर्वांत जास्त आणि सर्वांत बेभरवशाच्या.

तिसरी, शिक्षा पूर्ण भोगून किंवा सूट मिळून झालेली सुटका. यांना मुक्तबंदी म्हणतात. जन्मठेपेच्या कैद्याला मुदतपूर्व सोडलं असेल तर अटी असू शकतात, आदेश वाचावा.

चौथी पॅरोल, आणि इथेच सर्वांत मोठा घोळ होतो. अमेरिकेत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाहेर राहून काढणं, आणि त्यात काम धरणं ही बहुतेकदा अटच असते. आपल्याकडचा पॅरोल ही रजा आहे. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनुसार दोन प्रकारच्या रजा मिळतात: संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. दोन्हीत ठरलेल्या दिवशी परत हजर व्हावं लागतं आणि मधल्या काळात पोलीस ठाण्याची हजेरी असते. अशा माणसाला रजेपुरती नोकरी शोधून देण्याची धडपड करू नका. ती रजा पुढच्या तयारीसाठी वापरा: बँक खातं जिवंत करणं, आधारला मोबाईल जोडणं, जुन्या मालकाला एकदा तोंड दाखवून येणं. जुन्या मालकाची ती दहा मिनिटांची भेट दोन वर्षांनी उपयोगी पडते. पडलेली मी पाहिली आहे.

आदेशाची नक्कल आणि तिच्यातल्या अटी

परिवीक्षेचा आदेश तोंडी ऐकून माणूस घरी येतो. "साहेबांनी सोडलं" एवढंच त्याला कळलेलं असतं. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची प्रत काढा आणि चार गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढा: मुदत किती, राहण्याचं ठिकाण कोणतं ठरलंय, परिवीक्षा अधिकाऱ्याला किती दिवसांनी भेटायचं, आणि नुकसानभरपाई भरायची आहे का. देखरेखीचा आदेश झाला असेल तर तो किमान एक वर्षाचा असतो. दारू पिणार नाही अशी अटही अनेकदा असते. तशी असेल तर बारमध्ये वेटरचं काम धरणं म्हणजे स्वतःच खड्डा खणणं.

वकील आणि घरचे हमखास विसरतात ती गोष्ट इथेच सांगतो. परिवीक्षेवर सोडण्याआधी कोर्टाला खात्री करून घ्यावी लागते की, आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं कोर्टाच्या हद्दीत कायमचं राहण्याचं ठिकाण किंवा नियमित काम आहे. म्हणजे काम ही सुटकेनंतरची गोष्ट नाही, सुटकेच्या आधीपासून तिचा हिशेब होतो. खटला शेवटाकडे आला की घरच्यांनी एखाद्या ओळखीच्या धंदेवाल्याकडून साधं पत्र आणावं: "हा माझ्याकडे कामाला आहे, सुटल्यावर ठेवीन." परिवीक्षा अधिकारी चौकशी अहवाल लिहायला येतात तेव्हा हे पत्र त्यांच्या हातात द्यावं. खोटं पत्र मात्र आणू नका. अधिकारी दुकानात जाऊन विचारतात.

साहेब बसतात कुठे

लोक परिवीक्षा अधिकाऱ्याला पोलीस ठाण्यात शोधतात. ते पोलीस नाहीत. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे आहे, तेव्हा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारायचं. त्यांच्या टेबलावर बालविवाहापासून बालगृहापर्यंत सगळ्या फायली असतात आणि माणूस एकटा असतो, हे लक्षात ठेवून जा.

पण हक्काने जा. अधिनियमाच्या कलम १४ मध्ये त्यांच्या कर्तव्यांची यादी आहे आणि तिच्यात स्पष्ट लिहिलंय की, देखरेखीखालच्या माणसाला गरज असेल तिथे योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न त्यांनी करायचा आहे. मी हे कलम छापून खिशात ठेवतो. भांडायला नाही, आठवण करून द्यायला. आणि जाताना "साहेब, काम बघा" असं मोघम बोलू नका. "अमुक गॅरेजवाला तयार आहे, त्याला एकदा तुमच्याशी बोलायचंय, दोन मिनिटं फोनवर बोलाल का?" असं म्हणा. इतकं नेमकं काम मागितलं की ते होतं.

परिवीक्षाधीनांना आणि मुक्तबंद्यांना छोट्या व्यवसायासाठी अर्थसाहाय्य देण्याची योजनाही याच विभागाकडे आहे. सध्याची रक्कम आणि अटी तिथेच विचारा, आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

मोबाईल मुद्देमालात अडकतो तिथून

कामाला लागण्याआधीचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा कागदांचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुतते.

अटकेच्या वेळी अंगझडतीत पाकीट, मोबाईल, लायसन्स जमा होतं. मोबाईल तपासाचा भाग असेल तर तो मुद्देमाल म्हणून राहतो. माणूस आत असताना सिमला रिचार्ज होत नाही, नंबर बंद पडतो, पुढे तो दुसऱ्याच कुणाला दिला जातो. बाहेर आल्यावर आधारला जोडलेला नंबर परक्याच्या खिशात असतो. ओटीपी येत नाही. ओटीपी नाही म्हणून बँकेचं काम अडतं, पीएफचं खातं उघडत नाही, ई-श्रमची नोंदणी होत नाही. मालक म्हणतो, "खातं दे, पगार टाकतो," आणि हा बायकोचं खातं देतो. मग पगारावरून घरात निराळंच महाभारत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नवं सिम स्वतःच्याच नावावर. मग आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन तो नंबर आधारला जोडणं. मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, पण बुडत नाही. शाखेत जाऊन केवायसी पुन्हा केली की चालू होतं, आणि त्यासाठी बँकेने पैसे घ्यायचे नसतात. मुद्देमालातली वस्तू परत हवी असेल तर वकिलामार्फत सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा वस्तू हजर करीन या लेखी हमीवर) ती मागण्याचा अर्ज कोर्टात करावा लागतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. ते बहुतेक वेळा कोर्टाच्याच इमारतीत असतं.

ड्रायव्हरसाठी वेगळी सूचना. लायसन्सची मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाला चाचणी पुन्हा द्यावी लागते. "लायसन्स आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, मागची तारीख बघा.

तुरुंगात काही शिकला असेल तर ते प्रमाणपत्र आणलंय का विचारा. महाराष्ट्रातल्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, शिवणकाम, यंत्रमाग, बेकरी असे कारखाने चालतात. नाशिकरोडच्या कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती लोक आवर्जून विकत घेतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रंही काही कारागृहांत आहेत. चार वर्षं करवत चालवलेला माणूस बाहेर येऊन "मला काही येत नाही" म्हणतो, कारण ते काम त्याच्या लेखी शिक्षेत मोडतं. त्याच्या हातात रंधा द्या आणि बघा.

कोणतं काम, आणि कोणतं नको

सिक्युरिटी गार्डचं काम सर्वांत आधी सुचतं आणि सर्वांत आधी खोडावं लागतं. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानुसार कोर्टात गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला गार्ड म्हणून ठेवता येत नाही. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजला पोलीस पडताळणी लागते. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांच्या ठेकेदारांना गेटपाससाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तिथे अर्ज करून पंधरा दिवसांनी नकार ऐकण्यापेक्षा सुरुवात मालक स्वतः दुकानात बसतो अशा ठिकाणी करावी: फॅब्रिकेशन, दुचाकीचं गॅरेज, रोपवाटिका, पोल्ट्री, मंडप-डेकोरेशन, बेकरीची भट्टी, इचलकरंजी-मालेगाव-भिवंडीकडे यंत्रमाग, कोल्हापूरकडे फाउंड्री. निर्णय घेणारा माणूस समोर असला की गोष्ट सांगता येते. संगणकावर भरायच्या फॉर्मला गोष्ट सांगता येत नाही.

गुन्हा आणि काम यांची सांगडही बघा. चोरीच्या गुन्ह्यातल्या पोराला पहिल्याच महिन्यात गल्ल्यावर बसवू नका. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून सांगत नाही. गल्ल्यात उद्या शंभर रुपये कमी भरले तर बोट कुणाकडे वळेल हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यालाही माहीत आहे. भांडणाच्या गुन्ह्यातल्या माणसाला ज्यांच्याशी भांडण झालं त्यांच्याच गल्लीत काम नको.

आता ऊसतोडीबद्दल, कारण बीड आणि अहिल्यानगरकडे हा प्रश्न दरवर्षी दसरा-दिवाळीला उभा राहतो. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. बंधपत्रात राहण्याचं ठिकाण ठरलेलं असेल तर न सांगता जाणं म्हणजे अटीचा भंग. जाऊच नये असं मात्र मी म्हणत नाही. ज्याच्या घरात दुसरं उत्पन्न नाही त्याला "जाऊ नको" म्हणणं सोपं असतं. कायद्यात वाट आहे: कलम ८ प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर कोर्ट बंधपत्राच्या अटी बदलू शकतं. त्यासाठी उचल घ्यायच्या आधी, पावसाळ्यातच, कार्यालयात जा. कारखान्याचं नाव, मुकादमाचा फोन, जाण्या-येण्याचा अंदाजे काळ लिहून द्या. उचल घेतल्यावर गेलात तर एकीकडे कोर्ट आणि दुसरीकडे मुकादम, अशा कात्रीत सापडाल. आणि शक्य असेल तर पहिल्या वर्षी उचल छोटी घ्या. जामीनदार पळून गेलेला चालतो, मुकादम पाठ सोडत नाही.

मालकाशी काय बोलायचं

सांगावं की लपवावं, यावर घरोघरी वाद होतात. आई म्हणते लपव, वकील म्हणतो विचारलं तरच सांग. माझं मत असं: छोट्या गावात लपत नाही. महिन्याभरात चहाच्या टपरीवर कळतंच. ते तुमच्या तोंडून आधी गेलेलं बरं. पण अख्खी केस उलगडायची नाही. तीन वाक्यं पुरतात. काय झालं होतं, आज कागदावर स्थिती काय आहे, आणि कामासाठी त्याचा अर्थ काय.

म्हणजे असं: "शेठ, दोन वर्षांपूर्वी मारामारीच्या केसमध्ये माझं नाव होतं. कोर्टाने मला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलंय, पुढच्या मार्चपर्यंत तो आहे. महिन्यातून एकदा जिल्ह्याला साहेबांना भेटायला जावं लागतं, तेवढा अर्धा दिवस मला लागेल, बाकी कामात कमी पडणार नाही." एवढं बोलून थांबायचं. "माझी काही चूक नव्हती" हे चौथं वाक्य आलं की गाडी घसरते, कारण मग शेठ न्यायाधीश होऊन बसतो.

हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघायला लावा. पहिल्यांदा जीभ अडखळते. पाचव्यांदा येतं.

एकदा एका बेकरीवाल्याला मी सांगत होतो की हा पोरगा प्रोबेशनवर आहे. तो म्हणाला, "मग काय झालं, माझ्याकडे सगळेच सहा महिने प्रोबेशनवर असतात." मी दोन मिनिटं घेऊन खरा अर्थ सांगितला. त्याने भट्टीकडे बघितलं, मग पोराकडे, आणि विचारलं, "पहाटे तीनला उठतोस का?" पोरगा आजही तिथेच आहे.

मालकांसाठी दोन गोष्टी. कायद्याने खासगी मालकाला असा माणूस ठेवायला सर्वसाधारणपणे बंदी नाही. पण "गरजू आहे, अर्ध्या पगारात राहील" हा हिशेब डोक्यात असेल तर ठेवूच नका. किमान वेतन त्यालाही तेवढंच लागू आहे. मूळ आधार कार्ड किंवा पहिल्या महिन्याचा पगार "विश्वासासाठी" अडकवून ठेवणाऱ्यांच्या दुकानात मी माणूस पाठवणं बंद केलं आहे.

तारखा भिंतीवर

कामाला लागल्याच्या पहिल्याच दिवशी कालनिर्णय घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांतल्या माहीत असलेल्या सगळ्या तारखांना गोल करा. परिवीक्षा अधिकाऱ्याची भेट, दुसऱ्या केसची तारीख, पोलीस ठाण्याची हजेरी असेल तर ती. पान मालकाला दाखवा. कोर्टाची पुढची तारीख त्याच दिवशी कळते, तेव्हा संध्याकाळी परत येऊन नवा गोल करा. ई-कोर्टच्या ॲपवर केस क्रमांक टाकून तारीख बघता येते. मालकाच्या मोबाईलवरही ते टाकून द्या, संशय फिटतो.

भेटीचा दिवस कामाच्या सोयीने बदलून मागता येतो. बाजारच्या दिवशी किराणा दुकानातून सुट्टी मिळणार नाही आणि मागूही नये. परिवीक्षा अधिकाऱ्यांना "बुधवारऐवजी सोमवार चालेल का, बुधवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो" म्हटलं की बहुतेक ऐकतात. पण न विचारता दांडी मारू नका. अट मोडल्याचं कोर्टापुढे गेलं तर समन्स किंवा वॉरंट निघू शकतं. पहिल्या चुकीला बंधपत्र कायम ठेवून फक्त दंड करण्याची मुभा कोर्टाला आहे, आणि तो दंड १९५८ पासून पन्नास रुपयांच्या वर गेलेला नाही. पन्नास रुपये वाचून हसू नका. त्याच कलमाखाली मूळ गुन्ह्याची शिक्षाही सुनावता येते.

खाकी वर्दी दुकानात आली की

गणपती, निवडणुका, मोहरम आले की पोलीस जुन्या यादीतल्यांना बोलावतात, चॅप्टर केस करतात, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी घेतात. ते त्यांचं काम. पण शिपाई दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर नावाने हाक मारतो, तेव्हा मालकाच्या मनात जे होतं ते पुसून टाकायला सहा महिने लागतात. म्हणून सणाच्या आधीच ठाण्यात स्वतः जावं, कामाचा पत्ता सांगावा आणि "बोलवायचं असेल तर फोन करा साहेब, मी येतो" अशी विनंती करावी. सोबत गावातला एखादा वजनदार माणूस असला तर बरं. मालकालाही आधीच सांगून ठेवा की सणाआधी बोलावणं येऊ शकतं, त्याचा अर्थ नवीन काही झालंय असा नाही.

पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या पोरांबाबत हे दुप्पट लागू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून शिक्का मारला, १९५२ साली तो कायदा गेला, पण ठाण्यातल्या डोक्यातून सगळीकडे गेला असं म्हणता येत नाही. अशा पोराच्या मालकाशी मी स्वतः आधी जाऊन बोलतो आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला चक्कर मारतो.

पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात माणूस दमतो. दोन-तीन वर्षं आत काढलेली असतात: ठरलेल्या वेळी घंटा, ठरलेल्या वेळी जेवण, निर्णय सगळे दुसऱ्याचे. बाहेर आल्यावर बसचे सुट्टे पैसे, डबा, चप्पल तुटली तर काय, या सगळ्याचा निर्णय स्वतः घ्यायचा असतो. मालकाला वाटतं आळशी आहे. तसं नसतं. आठवडाभर सोपं, एकाच जागेचं काम द्या. "काय करायचं ते तूच बघ" म्हणू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुने मित्र येतात. पगार झाला की येतात. इथे घरच्यांनी भांडू नये, संध्याकाळचं काम शोधून द्यावं. एका आईने पोराला रोज सात वाजता बहिणीच्या क्लासला सोडायला-आणायला लावलं. चांगली युक्ती होती.

महिन्याच्या शेवटी पगार आणि भांडण एकदमच येतात. कोर्टाने नुकसानभरपाई ठरवली असेल तर ती पहिल्याच पगारातून थोडी का होईना भरा आणि पावती जपा. रक्कम मोठी असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्यांना हप्त्यांबद्दल विचारा, भरपाई भरण्यात मदत करणं हेही त्यांचंच काम आहे. वकिलाची बाकी, मावशीचे उसने, व्याजाचे पैसे, सगळे एकाच पगारावर टपलेले असतात. एका कागदावर यादी करून प्रत्येकाला थोडं-थोडं द्या. सगळं एकालाच दिलं की दुसरा कामाच्या ठिकाणी येऊन आरडाओरडा करतो.

दीड महिन्याच्या आसपास कामावर काहीतरी हरवतं. पाना, मोबाईल, पाचशेची नोट. जवळजवळ दर वेळी हे होतं, आणि दर वेळी सगळे एकाच माणसाकडे बघतात. मालकांना मी कामाला ठेवतानाच सांगतो: असं झालं तर सगळ्यांना सारखंच विचारा, आणि पोलिसांत जायच्या आधी मला फोन करा. एका ठिकाणी हरवलेला ग्राइंडर तीन दिवसांनी मालकाच्याच मेव्हण्याच्या घरी सापडला. तोवर पोरगा काम सोडून गेला होता. परत आणायला पाच चकरा माराव्या लागल्या.

स्वतःचं काही करायचं असेल

पहिल्याच वर्षी कर्ज काढून दुकान टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोर्ट, घर आणि हप्ता हे तीन ताण एका वेळी झेपत नाहीत. वर्षभर कुणाकडे काम केल्यावर विचार करा. तेव्हा सुतार, लोहार, न्हावी, शिंपी, गवंडी, कुंभार अशा अठरा व्यवसायांसाठी २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत मिळतं. हातगाडी लावायची असेल तर पालिकेकडे फेरीवाला म्हणून नोंदणी आणि स्वनिधीचं छोटं कर्ज.

माणूस अजून आतच असेल आणि घर चालत नसेल, तर कारागृहात जिव्हाळा योजनेबद्दल विचारायला सांगा. राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यातून ती सुरू केली. कैद्याच्या मजुरीवर ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के. सुटल्यावर सावकाराच्या तावडीत जाण्यापेक्षा हे बरं.

बाईमाणूस असेल तर कामाआधी छप्पर बघावं लागतं. पुरुषाला घर परत घेतं, बाईला बऱ्याचदा नाही. शासकीय महिला राज्यगृह किंवा नोकरदार महिलांचं वसतिगृह जवळ असेल अशाच गावात काम शोधा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटलेल्या माणसांसोबत काम करतो, तिथलं कुणी असेल तर तिकडे पाठवा.

सरकारी नोकरीचा फॉर्म

परिवीक्षा अधिनियमाचं कलम १२ म्हणतं की कलम ३ (नुसती ताकीद देऊन सोडणं) किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला दोषी ठरण्यामुळे लागणारी अपात्रता लागू होणार नाही. पोरं हे वाचून खूश होतात आणि साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नोकरीआधी स्वतःची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये, "गुन्हा: नाही" लिहितात. इथेच घात होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात सांगितलं की या कलमाने दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सरकारी खातं गैरवर्तनाबद्दल कारवाई करू शकतं. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की फॉर्ममध्ये खरी माहिती द्यावीच लागते. क्षुल्लक गुन्हा असेल तर नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, पण लपवणं हा स्वतंत्र दोष. म्हणून केस क्रमांक, कलम आणि आदेशाची तारीख लिहा, नक्कल जोडा.

अठराच्या आत असताना झालेला गुन्हा मात्र निराळा. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ ती अपात्रता काढतं. सोळा ते अठरा वयात घोर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला असेल तर गोष्ट वेगळी.

मुदत संपताना

बंधपत्राची मुदत संपते तो दिवस कुणाच्याच लक्षात राहत नाही. कोर्ट फोन करत नाही. शेवटच्या महिन्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे जाऊन शेवटचा अहवाल गेला का विचारा. मग नक्कल विभागातून मूळ आदेशाच्या दोन जादा प्रती काढा, एक घरी, एक कामावर. झेरॉक्स उडते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आठ वर्षांनी पासपोर्टच्या पडताळणीला शिपाई दारात येतो आणि संगणकात जुना गुन्हा दिसतो, तेव्हा जिल्ह्याच्या कोर्टातली फाइल अभिलेख कक्षात गेलेली असते आणि ती बाहेर यायला दोन महिने लागतात. ज्या पोराची आजी दोनदा वारली होती, त्याने ती प्रत मालकाच्या दुकानात, देव्हाऱ्यामागे ठेवली आहे.